मिटलं तर थोरल्याचं, उघडलं तर धाकट्याचं

थोरला जागा झाला तेव्हा दुकानाच्या फळीवर ते यंत्र ठेवलेलं होतं, आणि ते कुणी ठेवलं हे त्याला आठवत नव्हतं. म्हणजे अगदीच आठवत नव्हतं असं नाही. कुणीतरी समोर उभं राहून बराच वेळ काहीतरी सांगत होतं आणि आपण मान हलवून ‘ठेवा, होऊन जाईल’ म्हणालो, एवढं त्याला अंधुक आठवत होतं. पण त्याच झोपेत तो एका तळ्याकाठी बसून पाण्यात पडलेले फोन दोरीवर वाळत घालत होता. तेव्हा त्यातलं खरं किती धरायचं, हा प्रश्नच होता.

डोळे चोळत त्याने यंत्र हातात घेतलं. पुस्तकासारखं मिटणारं, मिटलं की तळहातापेक्षा जरा मोठं. उघडलं की आत वर पडदा आणि खाली टाइप करायची बटणं. झाकणावरही एक छोटा पडदा, त्यावर सकाळची वेळ दिसत होती. बाहेर उन्हं कलायला आली होती. आपण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत झोपलो की काय, अशी शंका थोरल्याला क्षणभर आली. मग त्याला कळलं, बिघडलेल्या यंत्राला वेळेचं भान राहत नाही. वेळ काय, शेवटी लावू. आधी याला झालंय काय ते बघू.

आता हे गिऱ्हाइकाला विचारायचं सोडून यंत्राला विचारायची पाळी त्याच्यावर का आली, ते सांगायला हवं. दुकान मूळचं वडिलांचं. वडील घड्याळं दुरुस्त करायचे. ते गेल्यावर दोघा भावांचं वाजलं. कशावरून, ते आता दोघांनाही धड सांगता आलं नसतं, पण वाजलं जोरात. शेवटी आत्याने मध्ये पडून वाटणी केली. थोरल्याने फोन दुरुस्त करायचे, धाकट्याने कॉम्प्युटर, आणि एकाने दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायचा नाही. दुकानाच्या मधोमध प्लायवूडचं पार्टिशन आलं. रस्त्याकडची फळी तेवढी दोघांची सामाईक राहिली. घड्याळांचं कुणी नावही काढलं नाही, कारण हल्ली घड्याळ दुरुस्तीला आणतंय कोण.

पार्टिशन छतापर्यंत गेलं नव्हतं. वर हातभर जागा मोकळी होती आणि तिथे तुळईवर वडिलांचं मोठं घड्याळ होतं, अर्धं याच्या बाजूला, अर्धं त्याच्या. वाटणीनंतर थोड्याच दिवसांत ते बंद पडलं. ते फोन नव्हतं आणि कॉम्प्युटरही नव्हतं, त्यामुळे त्याला हात लावायचा हक्क कुणालाच नव्हता. दुपारचं ऊन त्याच्या काचेवर पडलं की एक पिवळा डाग दोन्ही दुकानांतून सावकाश फिरायचा, आणि तोच काय तो दोघांकडे जाऊन यायचा.

भाऊ एकमेकांशी बोलत नसत. अगदीच अडलं तर हवेशी बोलत. चारच दिवसांपूर्वी धाकटा हवेला म्हणाला होता की काही लोक दुपारी असे घोरतात की आपली गिऱ्हाइकं दचकून पळतात, तेव्हा आता सुतार बोलवून पार्टिशन छताला भिडवून टाकणार. थोरल्यानेही हवेलाच सांगितलं की खुशाल भिडवा, आमचं कुणी घोरत नाही. बोलायला बोलला, पण त्या दिवसापासून त्याच्या जिवाला घोर लागला. धाकटा काम करताना एकच चाल गुणगुणायचा, तीही बेसूर. लहानपणी एका अंथरुणात झोपायचे तेव्हापासून तीच. ती पार्टिशनवरून आली की थोरल्याचे डोळे मिटायचे. पार्टिशन बंद झालं की ती चाल बंद, आणि भावाचं उरलंसुरलं जे काय होतं तेही बंद. हे कुणाला सांगणार.

आणि सुतार आज संध्याकाळीच येणार होता. अशा दिवशी ‘गिऱ्हाईक बोलत होतं आणि मी झोपलो होतो’ हे कबूल करणं म्हणजे स्वतःच्या हाताने खिळे पुरवणं. म्हणून थोरल्याने स्क्रूड्रायव्हर उचलला.

“काही लोक कॉम्प्युटर उघडायला बसलेत वाटतं,” पार्टिशनवरून हवेला आवाज आला. धाकटा स्टुलावर उभा राहून डोकावत होता. डोळे जरा सुजलेले होते, पण थोरल्याचं तिकडे लक्ष गेलं नाही.

थोरल्याने कपाटाला उद्देशून सांगितलं की हा फोन आहे. पुरावा म्हणून त्याने आपलं एक जास्तीचं सिमकार्ड यंत्रात घातलं आणि स्वतःच्या फोनवरून नंबर लावला. यंत्र मंजुळ वाजलं. वाजतो तो फोन, कपाटाला पटलं असावं. धाकट्याला नाही पटलं. त्याने वरून माऊसची वायर सोडली आणि कुणीतरी ती जोडून बघावी असं छताला सुचवलं. थोरल्याने जोडली. पडद्यावर बाण आला आणि धाकट्याचा हात फिरेल तसा फिरायला लागला. बाण येतो तो कॉम्प्युटर.

फोन खिशात मावतो, थोरला म्हणाला, आणि मावतो हे दाखवायला त्याने यंत्र शर्टाच्या खिशात घातलं. ते गेलं आत, पण बाहेर निघताना खिसा घेऊनच निघालं. धाकट्याच्या तोंडून फिस्सकन हसू सुटलं. ते त्याने लगेच खोकल्यात बुडवलं, पण थोरल्याला ऐकू आलं. फाटका खिसा लोंबत असताना त्याला उगाचच बरं वाटलं.

तिढा काही सुटेना. शेवटी दोघांनी आपापल्या फोनवरून आत्याला फोन लावला. थोरल्याचा आधी लागला. आत्याने सगळं ऐकून घेतलं, मध्येच गॅस बारीक करून आली आणि निकाल दिला.

“मिटलेलं असलं की थोरल्याचं, उघडलेलं असलं की धाकट्याचं. आणि परत मला फोन करू नका.”

निकाल चोख होता आणि दोघांनी तो पाळलाही चोख. थोरल्याने यंत्र मिटून पालथं घातलं, मागचं झाकण काढलं आणि बॅटरी बदलली. म्हातारी झालेली बॅटरी हेच दुखणं असणार. मग त्याने ते पार्टिशनवरून पलीकडे दिलं. धाकट्याने ते उघडलं, आतला पसारा आवरला, नको असलेले प्रोग्रॅम काढले, हवे ते नवे घातले. बटणं साफ करताना त्याला फटींमध्ये पांढरी पूड सापडली. ही खडूची पूड, म्हणजे वस्तू कुठल्या तरी मास्तरांची, असं तो हवेला म्हणाला. थोरल्याच्या मते तो चुना होता आणि वस्तू रंगाऱ्याची. पूड बोटाला लावून वास घ्यावा असं दोघांनाही सुचलं नाही.

यंत्र इकडून तिकडे, तिकडून इकडे येत-जात राहिलं. थोरल्याने स्पीकर बदलला, तो चांगला चालत असतानाही. धाकट्याने पडद्याचा उजेड ठीक केला, तो ठीकच होता. मध्येच थोरल्याने हवेत खडा टाकून पाहिला.

“तक्रार काय होती ते काही लोकांनीही ऐकलंच असेल.”

“ऐकलंय की सगळं,” धाकटा म्हणाला. “पण दुसऱ्याचं गिऱ्हाईक. आपण कशाला तोंड घाला.”

राहता राहिली बिजागरी. ती कुरकुरत होती, म्हणजे दुखणं तिचंच असणार. पण ती दुरुस्त करायची तर यंत्र ना पूर्ण मिटता येई, ना पूर्ण उघडता. अर्धवट उघडं धरावं लागे, आणि अर्धवटाबद्दल आत्या काही बोलली नव्हती. परत फोन करायची कुणाची छाती होती. तेव्हा थोरला इकडच्या स्टुलावर चढला, धाकटा तिकडच्या. मध्ये पार्टिशनच्या कडेवर यंत्र अर्धं उघडून ठेवलं. एकाने धरायचं, एकाने तेल सोडायचं.

इतक्या जवळून त्यांनी एकमेकांची तोंडं कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. धाकट्याच्या कानशिलावरचे केस पांढरे झाले होते. थोरल्याला वाटलं, अरे, हा तर बाबांसारखा दिसायला लागला. डोक्यावर बंद घड्याळ, काचेवरचा पिवळा डाग नेमका दोघांच्या हातांवर आलेला, आणि धाकटा नकळत ती बेसूर चाल गुणगुणत होता. थोरल्याचे डोळे जड झाले. हे तळ्याकाठचंच पुढचं चाललंय की खरंच घडतंय, हे त्याला कळेना, आणि कळून घ्यायची त्याला घाईही नव्हती. सुतार आलाच नाही तर किती बरं होईल, एवढंच त्याच्या मनात येत होतं.

“झालं का रे माझं?” खालून आवाज आला.

समोरच्या गल्लीतली बेकरीवाली मावशी फळीपाशी उभी होती. कोपरापर्यंत पिठाने पांढरी. दोघांनी आधी तिच्या हातांकडे पाहिलं, मग एकमेकांकडे, आणि मग घाईघाईने नजर दुसरीकडे वळवली.

थोरला स्टुलावरून उतरला आणि त्याने सगळं सांगितलं. बॅटरी नवी घातली, स्पीकर नवा घातला. धाकट्याने पलीकडून बटणं, प्रोग्रॅम आणि उजेड यांची भर घातली. बिजागरीचं दोघं एकदमच बोलले. मावशीने यंत्र हातात घेतलं, झाकणावरचा पडदा पाहिला आणि कपाळावर हात मारला. हातावरचं पीठ कपाळाला लागलं.

“अरे, वेळ? वेळ तीच दाखवतंय की.”

तिचा मुलगा परदेशात होता. सुट्टीला आला तेव्हा हे आणून दिलं, यात फोन आहे, कॉम्प्युटर आहे, सगळं आहे म्हणाला. जाताना त्याने त्यात काहीतरी खुडबुड केली आणि तेव्हापासून ते त्याच्या गावची वेळ दाखवायला लागलं. ती फोन करायला भिंतीवरचा जुना फोन वापरायची. कॉम्प्युटरचं तिला काही कामच नव्हतं. हे ती भट्टीशेजारी पिठाच्या डब्यावर टेकवून ठेवायची आणि पाव कधी काढायचे ते त्यात बघायची. इतके दिवस तिने बेरीज करून निभावलं, पण आज सकाळपासून दोन घाणे कोळसा झाले होते.

“म्हणजे मावशी, हे तुमचं घड्याळ आहे?” थोरल्याने विचारलं.

“नाहीतर काय? सांगितलं होतं की मी तुला. तू मान हलवलीस, ‘ठेवा’ म्हणालास आणि घोरायला लागलास. म्हटलं याचा काही भरवसा नाही, म्हणून पलीकडे गेले. तर हा टेबलावर डोकं ठेवून ढाराढूर. मग काय करणार, ठेवलं मध्यावर आणि गेले.”

दुकानात इतकी शांतता पसरली की घड्याळ चालू असतं तर टिकटिक ऐकू आली असती. थोरल्याने हळूच मान वर करून पार्टिशनकडे पाहिलं. तिथे धाकट्याचा चेहरा होता, लालेलाल.

“तू घोरायला लागलास ना,” धाकटा म्हणाला, हवेला नाही, भावालाच, “की मला झोपच आवरत नाही, दादा. लहानपणापासूनचं आहे ते. धंदा काय करणार मी असा?”

थोरल्याने मावशीच्या हातातलं यंत्र घेतलं आणि नुसतंच भावापुढे केलं. वेळ मिटलं तरी दिसत होती, उघडलं तरी दिसत होती, त्यामुळे आत्याच्या निकालात ती कुणाचीच बसत नव्हती. धाकटा चक्क पार्टिशनला वळसा घालून इकडे आला आणि दोघांनी मिळून इथली वेळ लावली. मावशीने हळूच विचारलं की मुलाच्या गावचीही खाली बारीक अक्षरांत ठेवता येईल का. पाव जळले खरे, पण तो आता उठला असेल, आता चहा घेत असेल, हे बघायची तिला सवय झाली होती. धाकट्याने ती खाली बारीक अक्षरांत ठेवून दिली.

तेवढ्यात सुतार आला. टेप काढून त्याने विचारलं, कुठपर्यंत न्यायचं. धाकट्याने वर पाहिलं.

“आधी ते घड्याळ उतरवा.”

एवढं सगळं होऊनही हा पार्टिशन चढवणारच, असं वाटून थोरला आपल्या खुर्चीकडे वळला.

“जातोस कुठे?” धाकटा म्हणाला. “उघडून बघायला नको? बाबांचं भिंग तूच ढापलंयस, मला माहीत आहे.”

भिंग थोरल्याच्या खणात होतं, फोनच्या खोक्यांखाली, फडक्यात गुंडाळून. घड्याळाची चावी धाकट्याच्या खणात निघाली. दोन्ही वस्तू वाटणीत आल्या नव्हत्या आणि दोघांनीही त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता. सुताराला नुसतंच परत कसं पाठवायचं, म्हणून त्याच्याकडून पार्टिशनमध्ये माणूस जाईल एवढा दरवाजा कापून घेतला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मावशी पाव घेऊन आभार मानायला आली. तुळईवरचं घड्याळ चालू होतं आणि वडिलांच्या काळात चालायचं तसंच जरा पुढे होतं. त्याखाली एका बाजूला थोरला घोरत होता आणि दुसऱ्या बाजूला धाकटा टेबलावर डोकं टेकून झोपला होता. कापलेल्या दरवाजातून पिवळा डाग सावकाश इकडून तिकडे चालला होता. घड्याळाने ठोके दिले, तरी कुणी हललं नाही. मावशीने आणलेला पाव फळीच्या बरोबर मध्यावर ठेवला. एकच होता, आणि तिने तो मुद्दामच कापला नव्हता.