लाल टॅग

लॅपटॉपला नवी सिस्टिम घालायचं काम हरिहररावांनी आठ महिने टाळलं होतं. लॅपटॉप त्यांच्या पत्नीचा, मृदुलाताईंचा. त्या गेल्या, पण स्क्रीनवर त्यांनी टाइप करून ठेवलेल्या पाच पिवळ्या चिठ्ठ्या तशाच होत्या. सिलिंडर नोंदवणे. कुंडीला पाणी, फार नाही. रोज सकाळी हरिहरराव त्या वाचायचे आणि कुंडीला पाणी घालायचे, फार नाही.

आता जुन्या सिस्टिमवर व्हिडिओ कॉलच लागेना. बंगळुरूची मुलगी इरा फोनवर म्हणाली, "बाबा, चिठ्ठ्या कुठं जात नाहीत. नुसतं बटण दाबा." पण चाकणच्या कंपनीत हरिहररावांनी एकतीस वर्षं क्वालिटीत काढलेली. माल बरोबर आहे असं कुणी म्हटलं की ते आधी मोजायला घेत. त्यांनी मोबाइलवर स्क्रीनचा 'आधी'चा फोटो काढला, तपासणीचा कागद आखला, बटण दाबलं आणि कंपनीतून आणलेला लाल टॅग लॅपटॉपला अडकवला. 'काम चालू आहे. हात लावू नये.' मग ते चहा टाकायला आत गेले.

तेवढ्यात रोजच्यासारखे यशवंतराव आले. निगडीत मागच्याच गल्लीत राहणारे, त्याच कंपनीच्या मेंटेनन्समधून निवृत्त झालेले. त्यांनी टॅग पाहिला, भिंतीवरचं बटण चालू पाहिलं आणि मेंटेनन्सच्या सवयीने ते खटकन बंद केलं. बत्तीस टक्क्यांवर स्क्रीन काळी झाली.

"टॅग लावलास आणि मेन चालू?" ते बाहेर आलेल्या हरिहररावांनाच म्हणाले. "कुणाचा हात गेला असता म्हणजे?"

"टॅगवर काय लिहिलंय? हात लावू नये."

"मशीनला कुठं लावला? बटणाला लावला."

"पण बॅटरी असते ना याला? बंद कसा पडला?"

हरिहररावांनी लॅपटॉप पालथा घातला, ड्रॉवरमधून स्क्रू ड्रायव्हर काढला आणि दोन स्क्रू काढलेसुद्धा. तिसऱ्याला यशवंतरावांनी त्यांचा हात धरला. म्हणाले, आधी करंट दे, मग पोट फाड.

करंट दिल्यावर लॅपटॉप बराच वेळ स्क्रीनवर गोल गोल फिरवत बसला आणि जिथून निघाला होता तिथंच परत आला. जुनीच सिस्टिम, पाचही चिठ्ठ्या जागेवर. हरिहररावांचा जीव भांड्यात पडला. आता हे नकोच, म्हणाले.

यशवंतराव चहाच्या कपाकडे बघत होते. "सेकंड शिफ्टला वहिनी डब्यात माझ्यासाठी वेगळा ठेचा द्यायच्या," ते म्हणाले. "पहिला पीस नापास झाला म्हणून त्यांनी लाइन बंद केली नसती. इरा वाट बघतीय, राव."

हरिहररावांनी पुन्हा बटण दाबलं. या वेळी यशवंतराव भिंतीवरच्या बटणाशी खुर्ची टाकून बसले.

दुपारी नवी सिस्टिम उघडली. हरिहरराव कागदावर लिहू लागले. स्क्रीनवरच्या खिडक्यांचे कोपरे गोल केलेत, धार नाही: पास. सुरुवातीचं बटण कोपऱ्यातून मध्ये सरकवलंय, ग्राहकाला न विचारता: नापास. मग त्यांनी चिठ्ठ्या मोजल्या. पुन्हा मोजल्या. मोबाइलवरचा फोटो शेजारी धरला.

"काय, गेल्या?" यशवंतरावांनी हळूच विचारलं.

"आधी पाच. आता सहा."

कमी हा दोष, तसा जास्त हाही दोषच. सहावी चिठ्ठी मृदुलाताईंनी कधीतरी बंद करून ठेवलेली असावी. नव्या सिस्टिमने सगळ्याच उघडून मांडल्या होत्या. हरिहररावांनी चष्मा पुसून वाचली.

'बॅटरी गेली आहे, वायर लावूनच वापरणे. ह्यांना सांगू नये. स्क्रू काढून बसतील.'

टेबलावरच्या दोन स्क्रूंकडे आधी यशवंतरावांनी पाहिलं, मग हरिहररावांनी. हरिहररावांनी स्क्रू जागेवर बसवले, स्क्रू ड्रायव्हर ड्रॉवरमध्ये टाकला आणि कागद पुढं ओढला. जादा माल आला की पुरवठादाराला परत पाठवायचा, हा एकतीस वर्षांचा नियम. शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी लिहिलं: जादा नग एक. परत पाठवू नये.