मडगार्डातली मेथी

मूल गावच्या देवाजी गुरनुल्यांनी वरोऱ्याहून मोटार आणली त्याला चारच दिवस झाले होते, आणि चौथ्या दिवशी सकाळी शेजारची शेळी ती मोटार खाताना सापडली.

देवाजी दात घासत अंगणात आले होते. शेळी पुढच्या उजव्या चाकाशी मान तिरपी करून उभी होती आणि मडगार्ड चाटत होती. चाटता चाटता तिनं दातांनी काहीतरी ओढलं आणि निवांत चघळायला लागली. देवाजींनी आधी दगड मारला, मग जवळ जाऊन पाहिलं. निळ्या चकचकीत रंगाला बशीएवढं भोक पडलं होतं. आत लोखंड नव्हतं, म्हणजे होतं, पण चार बोटं खोल. मधली जागा कसल्यातरी पिवळसर भुशानं भरलेली होती.

"पत्रू! अरे पत्रू!"

पत्रू त्यांचा ड्रायव्हर. आधी जंगलातल्या लाकडाच्या ट्रकवर होता, मोटार आणायला देवाजी त्यालाच घेऊन गेले होते. त्यानं वाकून भोकात बोट घातलं, बाहेर काढलं आणि मान हलवली.

"मले तवाच शंका आली होती जी."

"तवा काऊन नाई बोलला?"

"तुमी खुशीत होते ना. म्हनलं, काऊन मन मोडा."

देवाजींची मूलला धानाची गिरणी होती. माणूस सरळ, पण हौशी. वरोऱ्याच्या गुणवंतराव कापूसवाल्यांकडे जुनी विलायती मोटार विकाऊ आहे असं कळताच ते पाहायला गेले आणि त्या निळ्या रंगावर भाळले. गाडीत तोंड दिसत होतं. गुणवंतरावांनी ओसरीवर बसलेल्या पाच माणसांदेखत छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, "पंधरा दिवस वापरा. खोट निघाली तं घेऊन या. पैसे परत. जबान म्हणजे जबान." असं म्हणणाऱ्या माणसाच्या गाडीत खोट कशाला असेल, असं देवाजींना वाटलं होतं.

आता ते मोटारीभोवती फिरत जागोजागी टकटक करत होते. कुठे टण वाजे, कुठे बद्द. बद्द वाजे तिथं पत्रू नखानं खरवडे, आणि रंगाचा पापुद्रा जुन्या भिंतीसारखा सुटे. दुपारचं ऊन चढलं तसे उरलेल्या रंगालाही फोड यायला लागले. संध्याकाळपर्यंत दोन्ही मडगार्डं, डावं दार आणि मागची डिकी एवढ्या ठिकाणी पोचे उघडे पडले. कुठंतरी ही गाडी चांगलीच आदळलेली होती. आतला भुसा म्हणजे कागदाचा लगदा होता, आणि तोही आळशीपणानं भिजवलेला. डाव्या दारातून तर अख्खा कागदाचा तुकडाच निघाला. देवाजींनी तो उजेडात धरला. कापसाचे भाव होते. तारीख जेमतेम आठ दिवसांपूर्वीची.

"म्हणजे आपण पाहाले जायच्या तोंडावर भरलं हे," देवाजी दात खात म्हणाले.

तेवढ्यात त्यांची बायको वच्छलाबाई बाहेर आली. तिनं लगद्याचा एक तुकडा उचलला, नाकाशी नेला, दोन बोटांत चुरला.

"मेथी कमी पडली," ती म्हणाली.

"का?"

"मी टोपल्याले लावतो तोच लगदा हाये हा. कागद दोन दिवस भिजवा लागते. मेथी वाटून घालावी, मंग चिवट होते. ज्यानं केलं त्यानं मुठभरच घातली. म्हणून तं शेळीले कडू लागलं नाई अन् म्हणून तं उकललं. काम आवडलं नाई मले."

"तुले आवडाचं होतं का!" देवाजी ओरडले. "माह्या मोटारीत टोपलं भरलं त्यानं!"

पण खोट सापडली होती आणि पंधरा दिवसांतले अकरा दिवस बाकी होते, एवढ्यावर त्यांनी मनाची समजूत घातली. पुढचा आठवडा मात्र वाईट गेला. गिरणीवर धान घेऊन येणारा प्रत्येक जण आधी मोटार बघायला वाड्यात येई, हळहळे आणि जाता जाता बोटानं एखादा नवा पोपडा काढून जाई. "हे बी सुटून राह्यलं जी, देवाजीभाऊ," असं वर सांगेही. शेळी आता बहिणींना घेऊन येत होती. देवाजींनी पडलेले सगळे तुकडे, त्या भावाच्या कागदासकट, पुरावा म्हणून एका डब्यात भरून ठेवले. अकराव्या दिवशी ते चांद्याला वकिलाकडे गेले.

वकिलानं सगळं ऐकून घेतलं. "बोलणं पाच जणांदेखत झालं ना? मग काही भानगड नाही. मोटार आहे तशी न्या. हात लावू नका, पुसूसुद्धा नका. खोट डोळ्यांनी दिसली पाहिजे."

"दुरून दिसते साहेब. आंधळ्यालेबी दिसते."

चांद्याला गिरणीच्या पट्ट्याचं कामही निघालं आणि देवाजी तिथं दोन दिवस अडकले. तेराव्या दिवशी दुपारी ते मूलला उतरले, घराच्या वळणावर आले आणि थबकले. अंगणात निळी मोटार उभी होती. चकचकीत. गाडीत तोंड दिसत होतं. देवाजींनी आपलं तोंड पाहिलं, ते उघडं होतं.

बोनेटजवळ नथ्थू उभा होता. पोळ्याला गावातल्या बैलांची शिंगं रंगवणारा हाच नथ्थू. हातात ब्रश, चेहऱ्यावर समाधान.

"कसं झालं जी, भाऊ? शिंगापेक्षा सोपं हाये. मोटार मान हालवत नाई."

वच्छलाबाई पदराला हात पुसत आली. "उद्या वरोऱ्याले जाच हाये ना? वरोऱ्यावरून माढेळी कितीसं? मी माहेरी जाऊन येतो म्हनलं. अशा खरजुल्या गाडीत गेली असती तं भावजयीनं जन्मभर उणं काढलं असतं. टोपल्यासाठी कागद आधीपासून भिजतच होता, शेरभर मेथी वाटली, धावड्याचा डिंक घातला. वैशाखाच्या उन्हात एका दिवसात कसा दगड झाला पाहा!"

"माहा डबा?" देवाजींचा आवाज बारीक झाला होता. "डब्यातले तुकडे?"

"ते बी त्यातच कुटून घातले. वाया काऊन घालवाचे?"

देवाजी ओट्यावर बसले. मग पत्रूकडे पाहून म्हणाले, "तू इथीच होता ना रे? तुले माहीत होतं ना, मी वकिलाकडे गेलो म्हणून?"

"मले वाटलंच होतं जी, घोटाळा होईन."

"मंग?"

"बाई खुशीत होत्या ना."

लगदा उकरून काढावा असं देवाजींच्या मनात आलं. त्यांनी सळई घेऊन मडगार्डावर दोन घाव घातलेही. सळई वाकली. शेवटी चौदाव्या दिवशी पहाटे वच्छलाबाईला मागे बसवून तशीच ती नवीकोरी दिसणारी खोटी मोटार घेऊन ते वरोऱ्याला निघाले. खोट आपल्याला ठाऊक आहे, गुणवंतरावांनाही ठाऊक आहे, तेव्हा माणूस शरमेनं कबूल होईल, एवढीच आशा होती.

गुणवंतराव शरमले नाहीत. त्यांनी ओसरीवरच्या त्या पाच जणांना बोलावून घेतलं आणि मोटारीला सावकाश एक फेरी घातली. फेरी घालताना त्यांचे डोळे मोठे होत गेले. मग ते हसले.

"दाखवा देवाजीभाऊ. कुठी हाये खोट?"

"ह्या मडगार्डात लगदा हाये. वाजवून पाहा, बद्द वाजते!" देवाजींनी मूठ आवळून ठोसा मारला. टण वाजलं नाही, बद्दही वाजलं नाही. हाताच्या हाडाचा मात्र आवाज आला. देवाजी हात झाडत उभे राहिले.

पाचांतले एक म्हातारे पागोटेवाले जवळ आले, काठीनं ठोकून म्हणाले, "पक्का माल दिसते बाप्पा."

"मले तं आधीच वाटलं होतं," पत्रू पुटपुटला.

"तू गप!"

"भाऊ, मोटार पसंत नसन तं तसं सांगा," गुणवंतराव सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले. "पण चांगल्या मालाले नावं ठेवून माही इज्जत काऊन काढता?"

देवाजींनी मनात हिशेब केला. पुरावा नाही, साक्षीदार समोरचेच, आणि खोटे पडलो ते आपणच. एवढ्यात गुणवंतरावांची बायको नीलाबाई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. पाहुणीला पाणी द्यायला ती गाडीच्या खिडकीशी गेली आणि तिथंच थांबली. तिनं मडगार्डावरून हात फिरवला. अंगठ्याच्या नखानं टोचून पाहिलं. मग खाली वाकून वास घेतला.

"बाई," ती वच्छलाबाईला म्हणाली, "मेथी किती घातली हो?"

"शेरभर. अन् धावड्याचा डिंक."

"डिंक! पाहा बरं, मले सुचलाच नाई. म्हणून माहा सुटला असन."

"तुमचा कागदच भिजला नव्हता बाई. भाव वाचता येत होते."

"कसा भिजन? मी आमच्या ह्यायले म्हणून राह्यली होती, दोन दिवस राहू द्या, दोन दिवस राहू द्या. तं म्हणे, मूलवाला येऊन राह्यला, पोचे आजच बुजव, रंग संध्याकाळी द्याचा हाये."

गुणवंतराव बायकोला म्हणाले, "तुमी आत जा." पण नीलाबाईनं तांब्या खाली ठेवला होता आणि ती दाराच्या कडेचं काम बघत होती. "इथी बोटानं दाबलं का बाई, का लाटण्यानं?"

पागोटेवाले म्हातारे गुणवंतरावांकडे वळले. "जबान दिली होती ना गा तू? घे मोटार परत."

"घेतो," गुणवंतराव म्हणाले. "आत्ता घेतो. या आत, पैसे मोजतो." ते इतक्या झटकन म्हणाले की देवाजींनी वर पाहिलं. गुणवंतराव मडगार्डाकडे बघत होते, आणि देवाजींनी पंधरवड्यापूर्वी जसं पाहिलं होतं तसंच बघत होते. देवाजींना तेव्हा कुठं उमगलं. इंजिन पहिल्यापासून ठीकच होतं. पत्र्याची खोट होती, ती आता राहिली नव्हती. आपण या माणसाला एक चांगली मोटार तयार करून आणून देत होतो.

"नाई," देवाजी म्हणाले.

"नाई म्हणजे?"

"मोटार माही हाये. मी ठेवतो."

"मंग आलेच कायले होते?" पाचांतल्या दुसऱ्यानं विचारलं. जिंकून हात हालवत परत जायचा हा प्रसंग त्यांच्यावर पहिल्यांदाच आला होता. ते दार उघडून पुढच्या सीटवर बसले आणि पत्रूला म्हणाले, "हान."

"थांबा," मागून वच्छलाबाई म्हणाली. "बाई येऊन राह्यल्या."

नीलाबाई घरातून गाठोडं घेऊन आली. "माहे भाऊ सिंदेवाहीले राहतात," ती चालता चालता सांगत होती. "तीन वर्सं झाली, हे आज नेतो उद्या नेतो करून राह्यले. मूलवरून जवळच हाये म्हणे. आधी ह्या बाईच्या संगं माढेळीले जातो, मंग मूलले चार रोज राहून लगदा शिकतो, मंग भावाकडं." तिनं गाठोडं वच्छलाबाईच्या मांडीवर दिलं आणि ती आत चढली. नवऱ्याला काही विचारायचं असतं असं तिच्या चेहऱ्यावर कुठंच नव्हतं.

गुणवंतराव गाडीजवळ आले. पाच माणसं ओसरीवरून बघत होती, त्यामुळे त्यांनी खिडकीत अगदी वाकून, अगदी हळू विचारलं, "अन् माह्या जेवणाचं?"

मागच्या सीटवर डिंक भिजवायचा की कुटून घालायचा याचं बोलणं सुरू झालं होतं. त्यांना ते ऐकू गेलं नाही. पत्रूनं देवाजींकडे पाहिलं.

देवाजींनी गुणवंतरावांच्या तोंडाकडे नीट, सवडीनं पाहून घेतलं. पंधरा दिवसांत पहिल्यांदाच त्यांना बरं वाटत होतं.

"हान रे," ते म्हणाले. "सावकाश हान. घाई नाई आपल्याले."