उभ्या गाडीचा वेग

भुसावळहून गिरणाई डाळ मिलच्या कामगारांना जळगावला नेणारी बस पोलिसांनी हायवेवर अडवली, तेव्हा ड्रायव्हर सुकदेवभाऊंना वाटलं, हवालदाराला पुढच्या गावापर्यंत यायचं असेल. वेगासाठी अडवलं असेल, ही शंका येणं शक्यच नव्हतं. वीस वर्षांत त्यांनी सायकलींखेरीज कुणाला मागे टाकलं नव्हतं, आणि हल्ली सायकलीही पुढे जाऊ लागल्या होत्या.

"चौऱ्याण्णव!" हातातलं नवंकोरं रडार नाचवत फौजदार म्हणाले.

येत्या पंधरा ऑगस्टला मिलचे मालक शेठजी सुकदेवभाऊंना 'सुरक्षित चालक' म्हणून ढाल देणार होते. अट एकच, वीस वर्षांत एकही पोलीस केस नको. घरी भिंतीवर खिळासुद्धा ठोकून झाला होता.

"साहेब, आत्ता शेजारून काळी-पिवळी जीप सुसाट गेली ना, तिचा आकडा असेल तो."

"मशीन परदेशी आहे. त्याला जीप आणि बस कळते."

"मग ही गाडी उभी आहे. आता लावून बघा."

स्टार्टर बिघडल्यामुळे इंजिन बंद करायची सोय नव्हती. पुढच्या जाळीमागे इंजिनचा पंखा गरगरत होता. फौजदारांनी रडार बरोबर त्याच्यासमोर धरलं. आकडा आला एकतीस.

"बघा! उभी असताना एकतीस, मग धावताना चौऱ्याण्णव का नसेल?"

सुकदेवभाऊंना रडू कोसळायचंच बाकी राहिलं. एवढ्यात डाळ निवडणाऱ्या नर्मदाबाई डबा सांभाळत खाली उतरल्या. माहेर धुळ्याकडचं, आवाज खणखणीत.

"ओ फौजदारदादा, हाई गाडी अन् चौऱ्याण्णव? बारा वरीस व्हयनात, मी हिनामा बसस. मना नातूनी सायकल हिना पुढे चालनी जास!"

"आम्ही रोज उशिरा पोचतो साहेब, रोज!" खिडक्यांतून एकच कल्ला झाला.

"ओरडू नका. लेखी द्या," फौजदार वैतागले.

तोलाई करणाऱ्या हिलालचं अक्षर चांगलं. त्यानं बोनेटवर कागद ठेवून लिहिलं, 'ही बस चाळीसच्या वर कधीच जात नाही. तिच्यामुळे आम्हास रोज अर्धा तास उशीर होतो.' खाली त्रेचाळीस सह्या आणि अंगठे. केस रद्द झाली. सुकदेवभाऊंनी सगळ्यांना हात जोडले. गाडी मिलची, म्हणून नियमाप्रमाणे कागदाची एक प्रत मिलमध्ये गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅनेजर चौधरींनी ती वाचली. मग हजेरीचं रजिस्टर काढलं. रोज एकच शेरा होता, 'रेल्वे फाटक बंद. उशीर माफ.'

"म्हणजे फाटक बंद नसायचं?"

चौधरींनी त्रेचाळीस जणांसमोर रजिस्टर मिटलं.

"फाटकाची थाप आता चालणार नाही. आजपासून उशीर झाला की अर्धा रोज कापणार. आणि सुकदेवभाऊ, अशा ड्रायव्हरला ढाल कसली द्यायची?"

संध्याकाळी बसमधून उतरताना नर्मदाबाई म्हणाल्या, "चौऱ्याण्णवच कबूल करी लेता तर काय बिघडतं, भाऊ?"

ते शब्द सुकदेवभाऊंना फार लागले. ढाल गेली ती गेली, पण या माणसांच्या पोटावर पाय यायला नको. ते तसेच पोलीस ठाण्यात गेले.

"साहेब, माझ्यावर ती केस कराच. चौऱ्याण्णवचा कागद दाखवला की मॅनेजरला फाटकाचं खरं वाटेल."

फौजदारांनी खुर्ची पुढे केली. "दुसऱ्यांसाठी गुन्हा अंगावर घेता? पण भाऊ, रडार दुरुस्तीला गेलं. काल पाणी मारायच्या पंपालाही ते पन्नास दाखवत होतं. थांबा, तुमच्यावर अन्याय झाला, तो मीच भरून काढतो."

त्यांनी सरकारी कागदावर सुवाच्य लिहिलं, 'सदर चालक चाळीसच्या वर कधीही जात नाही, अशी माझी खात्री आहे.' खाली सही, शिक्का. एक प्रत त्यांनी आपणहून मिलकडे धाडली.

दुसरी प्रत सुकदेवभाऊंच्या बायकोनं कौतुकानं फ्रेम करून आणली. खिळा होताच.