आमच्या ओट्याचा फोटो

मुळ्येकाका गळ्यात कॅमेरा अडकवून गल्लीत शिरले, की लोक दारं लावून घेतात. आमच्या जुन्या इंदुरात अशी समजूत आहे, की त्यांनी ज्या घराचा फोटो काढला ते घर वर्षभरात पडतं. समजूत अगदीच हवेतली नाही. कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या घराचा काढला, तिथे आज दुकानांचा कॉम्प्लेक्स आहे. लाकडी गॅलरीवाल्या घराचा काढला, तिथे आता गाड्या उभ्या असतात.

काका यावर चिडत नाहीत. "अब बताओ, डॉक्टर घरी येतो म्हणून माणूस आजारी पडतो का? मला खबर लागते, म्हणून मी जातो." खबर त्यांना लागते हे खरं. रोज सकाळी पोह्यांच्या ठेल्यावर उभं राहणाऱ्या माणसाला इंदुरातलं काय कळत नाही?

पोलोग्राउंडच्या एका कारखान्यात त्यांनी जन्मभर स्टोअर सांभाळलं आणि रिटायर झाल्यावर हा शौक मागे लावून घेतला. कॅमेरा एरवी जुन्या टिफिनच्या पिशवीत असतो, त्यामुळे त्याला कायम लोणच्याचा वास येतो. मोबाईलवाल्यांबद्दल त्यांचं मत वाईट आहे. "ते फोटो काढत नाहीत, सांडतात." काचेच्या इमारतींचं तर नावच नको. "समोर उभं राहिलं की आपलाच थोबडा दिसतो. त्यासाठी घरी आरसा आहे."

शिवाय त्यांच्या फोटोत माणूस चालत नाही. ओट्यावर कोणी गहू निवडत बसलं असलं, की काका हात जोडतात. "भाभीजी, ज़रा साइडला व्हा. माणूस हलतो, घर नाही हलत." आमची आई एकदा म्हणाली, "मुळ्ये, आजकाल घरंच जास्त हलतायत." त्या दिवशी काका चहा अर्धा टाकून उठले.

चहा त्यांचा आमच्याच ओट्यावर असतो. पूर्वी ते समोर राहायचे. काकू गेल्या, मग भावांनी मिळून घर बिल्डरला दिलं, आणि काका शहराच्या पार दुसऱ्या टोकाला सातव्या मजल्यावर जाऊन पडले. तिथून रोज संध्याकाळी सिटी बसने येतात. का येता विचारलं, तर म्हणतात, "तुमच्या ओट्यावर ऊन चांगलं पडतं."

आईचा राग वेगळाच होता. सगळ्या गल्लीचे फोटो निघाले, आमच्या घराचा काही निघेना. "आमचं घर काय फोटोच्या लायकीचं नाही?" असं तिने विचारलं, की काका वर बघून म्हणायचे, "ऊन बरोबर नाही, वहिनी."

मागच्या हिवाळ्यात रस्ता रुंद करायची मापं झाली आणि आमच्या भिंतीवर लाल खूण पडली. ओटा जाणार, बैठकीचा तुकडाही जाणार. आई जेवायला बसायची आणि नुसती ताटाकडे बघायची. निदान आठवण तरी राहील म्हणून मी काकांना फोटो काढायला सांगितलं, तर ते चक्क रिकाम्या हाताने आले. म्हणे बॅटरी गेली. दुसऱ्या दिवशी लेन्सला बुरशी लागली. तिसऱ्या दिवशी माझं डोकं फिरलं.

"काका, दुनियेचे काढलेत. आमच्याच वेळी काय झालं?"

ते लाल खुणेकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "बेटा, लोक बोलतात ते मी मानत नाही. पण आमच्या घराचा फोटो पण मीच काढला होता. पुढच्या दिवाळीला घर नव्हतं. रिस्क कशाला घ्यायची? हा ओटा गेला तर मी बसू कुठे?"

इतकी वर्षं आम्ही त्यांना उन्हावरून चिडवत होतो, आणि हा माणूस आपल्या परीने आमचं घर सांभाळत होता.

होळीच्या सुमाराला बातमी आली. गल्ली वन-वे करणार, रुंदीकरण रद्द. दुसऱ्याच दिवशी लाल खुणेवर मी स्वतः चुना फासला. आईने शिरा केला आणि कित्येक आठवड्यांनी दोनदा वाढून घेतला.

संध्याकाळी काका आले ते इस्त्रीच्या शर्टात. टिफिनची पिशवी होती, स्टँडही होता.

"ऊन?" मी विचारलं.

"आज बरोबर आहे."

आई सवयीने उठायला लागली. "वहिनी, बसा," काका म्हणाले. त्यांनी कॅमेऱ्याचा टायमर लावला आणि या वयात धावत येऊन आपल्या नेहमीच्या जागी बसले.

फोटो सुरेख आलाय. भिंत, दार, ओट्याची फरशी, आईच्या हातातली शिऱ्याची वाटी, सगळं लख्ख. काका मात्र धावत आल्यामुळे पार हललेत, चेहरासुद्धा ओळखू येत नाही. "परत काढा ना," मी म्हटलं.

त्यांनी फोटो डोळ्यांजवळ नेऊन पाहिला.

"राहू दे," म्हणाले. "घर नाही हललं ना."