अख्ख्या गाडीचं तिकीट

रेणापुरात नागनाथअप्पांना कुणी शंभराची नोट दिली, तर ते दहा ठेवून नव्वद परत करतात. वर्गणी मागायला आलेला माणूसच सुट्टे देतो म्हटल्यावर नवखा गोंधळतो. अप्पा म्हणतात, "बाकीचं घरातल्या बाकीच्यांना देऊ द्या की! गाडी भरली पाहिजे."

अप्पा एसटीत कंडक्टर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी गावची जुनी बारव अंगावर घेतली. आमची एक लहानशी संस्था आहे. ते अध्यक्ष, मी सचिव. पुण्याच्या एका ट्रस्टनं कळवलं होतं, की दुरुस्तीसाठी गाव जेवढं जमवेल, तेवढीच भर आम्ही घालू. मात्र ठरलेली रक्कम मार्चअखेर जमली पाहिजे, नाही तर छदामही मिळणार नाही.

झालं! अप्पा रोज संध्याकाळी दारोदार. "चला, पुढं सरका," म्हणत थेट घरात. मग चहा, सुनेच्या माहेरची चौकशी, म्हशीची चौकशी. पैशांचा विषय उठता उठता. दहा रुपये मिळाले की देणाऱ्याला बारवेवर नेऊन एक पायरी दाखवायची : "ही तुमची."

पायऱ्या मोजक्या, देणारे उदंड. एकदा एकाच पायरीवरून दोन बायकांची जुंपली.

"आमची हाय ही!"

"तुमची कशी? अप्पांनी मला दावली."

"बायांनो," अप्पा मधे पडले, "इथं रिझर्वेशन न्हाई. सरकून बसा."

आणि दोघी सरकून बसल्या!

पण दहा-दहानं बारव भरते का? मार्च उजाडला तरी निम्मी रक्कमही जमली नव्हती. अशात आमच्याच गावचे, लातूरला डाळमिल असलेले एक शेठ मला म्हणाले, "उरलेले सगळे मी देतो." मी धावतच अप्पांकडे गेलो.

"एकट्यानं अख्ख्या गाडीचं तिकीट काढायचं न्हाई, सर."

"अप्पा, गाडीच चुकंल!"

"मी फिरतोय न्हवं? जमतंय."

मला हा निव्वळ हेका वाटला. गावाला अजून वाटतं, शेठना अप्पांनीच गाठलं. आज सांगून टाकतो : मी अप्पांना न सांगता लातूरहून चेक आणला. पैसे मुदतीत भरले गेले, ट्रस्टची भर आली, गवंडी कामाला लागले. बारवेच्या बाबतीत माझं काहीही चुकलं नाही. मागाहून अप्पांना सांगितलं, तर "बरं केलं, सर," एवढंच म्हणाले.

मग एका संध्याकाळी दार वाजलं. अप्पा होते, पण उंबऱ्याबाहेर उभे.

"आता कशाची वर्गणी, अप्पा?" बायकोनं आतून थट्टा केली. "झाली की सगळी!"

"न्हाई न्हाई, वर्गणी न्हाई..." अप्पा गडबडले. आयुष्यभर बसभर माणसांशी बोललेला हा माणूस उंबऱ्याशीच घुटमळला. काकू गेल्यापासून ते एकटे राहतात, मुलगा हैदराबादला असतो, हे मला माहीत होतं. माहीत असून मी त्यांच्याकडून सगळ्या गावाची दारं काढून घेतली होती.

अप्पांनी आमच्या दाराची कडी चाचपली. "ढिली झाली हाय. सांगावं म्हणलं," असं म्हणून ते वळले.

कडी घट्ट होती.

"हाव, लई ढिली हाय," मी म्हणालो. "या, अप्पा. आतून बघावी लागंल."