फक्त तीन जागा शिल्लक!

"आठच पोरं हवीत ना? मी पंचवीस आणते!"

भिंगरीने भर वर्गात उभं राहून हे जाहीर केलं, तेव्हा मार्केटिंगच्या बाईंनी चष्मा काढून पुसायला घेतला. बाई चष्मा पुसायला लागल्या की पुढे काहीतरी भयंकर घडतं, असा वर्गाचा अनुभव होता.

वर्ग म्हणजे सात जण. मुळात कॉलेजच इतकं छोटं, की एका टोकाला कोणी शिंकलं तर दुसऱ्या टोकाचा माणूस रुमाल शोधायचा! इथे कविता शिकणाऱ्याला गणित घ्यावं लागे, गणितवाल्याला चित्रकला, आणि मार्केटिंगवाल्यांना सगळ्यांची बोलणी खावी लागत. "आम्ही इथे माणूस समजून घेतो आणि तुम्ही त्याला साबण विकता," असं इतिहासाची मुलं तोंडावर म्हणायची. भिंगरीला या लोकांना एकदा काहीतरी करून दाखवायचंच होतं.

बाईंनी प्रकल्प दिला: कॉलेजातलीच एखादी न खपणारी गोष्ट खपवून दाखवा. वर्षाचे निम्मे गुण त्यावर. बाकीच्यांनी कँटीनचं सूप, ग्रंथालयातले जाडजूड ग्रंथ अशी सोपी कामं पटकावली. भिंगरीने निवडला तत्त्वज्ञानाच्या सरांचा तास.

सर जिन्याखालच्या खोलीत, सहा खुर्च्यांपुढे, एकवीस वर्षं शिकवत होते. यंदा त्यांच्याकडे नावं आली होती पाच. शुक्रवारी दुपारी बारापर्यंत आठ झाली नाहीत तर तास कायमचा बंद, असं कार्यालयाचं पत्र आलं होतं. सरांनी पत्र वाचलं, नीट घडी घालून खिशात ठेवलं आणि नेहमीच्याच आवाजात शिकवायला सुरुवात केली. दारातून भिंगरीने ते पाहिलं. गुण गेले उडत, हा तास वाचलाच पाहिजे!

तिच्या पुस्तकात चौथं प्रकरण होतं. वस्तू संपत आली की माणसाला ती हवीशी वाटते, असं त्यात आकृत्या काढून समजावलेलं. भिंगरीने त्याच दिवशी मजकूर लिहिला आणि छापखान्यात काम करणाऱ्या दादापुढे ठेवला.

"'जागा वीस. फक्त तीन शिल्लक!'" दादाने वाचलं. "म्हणजे सतरा भरल्या?"

"भरतील."

"आत्ता किती आहेत?"

"दादा, तू छाप ना रे! हे शास्त्र आहे."

"शास्त्र नाही, थाप आहे ही," दादा म्हणाला, पण चाळीस पोस्टरं काढून दिली. लाडकी बहीण म्हटल्यावर माणूस करणार काय?

मंगळवारी सकाळी कॉलेजची एकही भिंत रिकामी राहिली नाही. भिंगरी ऐटीत कार्यालयात गेली आणि तिने नोंदणीच्या कारकूनबाईंना विचारलं, "किती वाढले?"

"वाढले? चार कमी झाले."

"काय?"

"आत्ताच येऊन नावं काढून गेले. एक उरलाय."

भिंगरी धावत सुटली. ते चौघे तिला बागेतल्या बाकावर सापडले, चेहऱ्यावर नुकतंच रक्तदान केल्यासारखं समाधान!

"अरे, नावं का काढलीत?"

"तीनच जागा उरल्यात ना," त्यातली एक मुलगी गहिवरून म्हणाली. "ज्यांना खरी तळमळ आहे त्यांना मिळू देत. आम्ही काय, पुढच्या वर्षी घेऊ."

"मग पाचवा का राहिला?"

"तो पोस्टरं वाचत नाही."

भिंगरीने कपाळावर हात मारून घेतला. चौथ्या प्रकरणात असल्या चांगल्या माणसांचा उल्लेखच नव्हता! तिने लगेच पोस्टरं फाडायला घेतली. तिसरं फाडते आहे तोच मागून आवाज आला.

"राहू दे गं, असू दे." सर उभे होते. डोळे लहान मुलासारखे चमकत होते. "सतरा! एकवीस वर्षांत कधी नऊच्या वर गेलो नाही मी. घरी सांगितलं तर आमच्या हिला खरं वाटेना, म्हणून एक पोस्टर न्यायला आलो होतो."

भिंगरीने हातातलं पोस्टर सरळ करून त्यांना देऊन टाकलं.

सर ते घेऊन थेट प्राचार्यबाईंकडे गेले. सहा खुर्च्यांत वीस माणसं कशी मावणार? प्राचार्यबाईंनीही पोस्टर पाहिलं आणि शुक्रवारी दहापासून त्यांना मोठा हॉल देऊन टाकला. तिथे अकरा वर्षं गायनवृंदाचा सराव चालायचा. त्या चौदा जणांच्या नावाने सूचना लागली: यापुढे सराव जिन्याखाली.

बुधवार आणि गुरुवार भिंगरी दिसेल त्याच्या मागे लागली. "तास घे ना!" "आता कुठे गं," लोक हळहळायचे, "तीनच जागा होत्या, एव्हाना संपल्या असतील." तिने पोस्टर खोटं आहे म्हणून सांगितलं, तर "मार्केटिंगवाले काहीही बोलतात" म्हणून हसण्यावारी नेलं!

शुक्रवार उजाडला. हॉलमध्ये सर कडक इस्त्रीच्या शर्टात उभे. वीस खुर्च्या त्यांनी स्वतः मांडलेल्या. त्यांतल्या एकीवर तो पोस्टरं न वाचणारा, बाकी एकोणीस मोकळ्या. सव्वादहा झाले. सर सारखे दाराकडे बघत होते. भिंगरीला आता राहवेना.

"सर, मला तुम्हाला काही सांगायचंय. त्या पोस्टरवर..."

धाडकन दार उघडलं. अख्खा गायनवृंद आत!

"या, या!" सरांचा चेहरा उजळला. "उशीर झाला म्हणून काही बिघडत नाही. बसा!"

"बसायला नाही आलो!" वृंदाची प्रमुख कडाडली. वरच्या पट्टीत गाणारी ती, काचा थरथरल्या. "हा हॉल आमचा आहे!"

"आमचा म्हणजे?" सरांनी आनंदाने विचारलं.

"म्हणजे काय? अकरा वर्षं गातोय आम्ही इथे!"

"खिडकीतली कबुतरं त्याआधीपासून घुमतायत. मग हॉल त्यांचा?"

"कबुतरांना कोणी परवानगी दिली होती?"

"अच्छा! म्हणजे परवानगी देणाऱ्याचा हॉल. मग तुमचा कसा?"

एवढ्यात मागून एक जाड आवाजाचा गडी म्हणाला, "सरांचं बरोबर आहे." झालं! वृंदात सरळ दोन तट पडले. अर्धे म्हणाले, जो वापरतो त्याचा हक्क. अर्धे म्हणाले, मग लायब्ररी आपल्याकडून पुस्तकं परत का मागते? सर मध्येच एक प्रश्न टाकायचे आणि बाजूला होऊन हात चोळत ऐकायचे. कोण कधी खुर्चीवर बसलं, कोणाला कळलंसुद्धा नाही.

बाराला पाच कमी असताना कारकूनबाई वही घेऊन आल्या. "चला, वेळ संपली. तास आटोपता घ्या."

"आटोपता?" प्रमुख ताडकन उठली. "माझा मुद्दा राहिलाय अजून! पुढचा तास कधी आहे?"

"नाव नोंदवलेल्यांनाच बसता येतं पुढच्या तासाला."

"मग आणा इकडे ते पेन!"

चौदाच्या चौदा सह्या झाल्या. सकाळचा सराव दुपारवर गेला, तो त्याच हॉलमध्ये, ही अट मात्र त्यांनी सरांकडून मान्य करून घेतली.

हॉल रिकामा झाल्यावर भिंगरीने सगळं सांगून टाकलं. थाप, चाळीस पोस्टरं, चौघांचं जाणं, सगळं! तिच्या डोळ्यांत पाणी आलं. सरांनी एकच विचारलं.

"ते चौघे का गेले म्हणालीस?"

"दुसऱ्यांना जागा मिळावी म्हणून."

"अगं, गेल्या आठवड्यात मी त्यांना नेमकं हेच शिकवलं होतं!" सर खुर्चीत बसले आणि पोट धरून हसू लागले. "म्हणजे ऐकत होती की गं पोरं! मला वाटायचं, झोपतात."

सोमवारी भिंगरीने अहवाल दिला. 'ग्राहक का आले?' या रकान्यात तिने प्रामाणिकपणे लिहिलं: 'आपण त्यांची खोली काढून घेतली म्हणून.' बाईंनी बराच वेळ चष्मा पुसला आणि पास केलं. जेमतेम.

ती बाहेर आली तर गणिताचे सर खांबाआड उभे. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, तिला बाजूला घेतलं आणि कुजबुजले,

"माझ्याकडेही यंदा चारच आहेत. आता कोणाची खोली घेऊया?"