रोजच्या वापराची गाडी

नमिताने नवऱ्याला घातलेली अट साधी होती. गाडी रोजच्या वापराची म्हणून घेतलीय, तर ती रोज वापरून दाखवायची. महिनाभरात नाही जमलं तर विकायची आणि चारचौघांसारखी छपराची गाडी आणायची. धनेशने निमूट मान डोलावली. डोलावण्यावाचून इलाजच नव्हता, कारण गाडी त्या वेळी सारसोळ्यात, घरासमोरच्याच नाक्यावर बंद पडली होती आणि नमिता ती मागून ढकलत होती.

गाडी इटलीची, लाल रंगाची, वयाने धनेशपेक्षा सात वर्षांनी मोठी. टप कापडी, तोही एकदा उघडला तो पुन्हा मिटलाच नाही. सीट कातड्याच्या, पुढची फळी लाकडी, स्टिअरिंग डाव्या बाजूला. ऐरोलीच्या एका आयटी कंपनीत दिवसभर एसीत बसून दुसऱ्यांची बिलं तपासणाऱ्या धनेशने ती लोणावळ्याच्या एका बंगल्यात पाहिली आणि त्याचं डोकं फिरलं. जाता-येता तरी अंगाला वारा लागेल, एवढंच त्याचं म्हणणं होतं. वारा लागायला गाडी चालावी लागते, एवढंच नमिताचं.

ओट्यावर बसून हे सगळं धनेशचा बाप, जानू, बघत होता. बघत होता म्हणजे डोळे तिकडे होते. वर्षापूर्वी त्याची होडी मोडीत निघाली, खाडीवर जाणं थांबलं, आणि तेव्हापासून म्हातारा बोलायचा तो जेवणापुरता. धनेशला ते आत कुठेतरी सलायचं. पण आयटीवाल्या मुलाने होडीवाल्या बापाशी बोलायचं काय, हे त्याला सुचत नसे.

तिसऱ्या आठवड्यात धनेश एक दिवस कामावर बसने गेला होता, कारण गाडी रुसली होती; नमिताने तेवढी एक सूट दिली होती. संध्याकाळी परत आला तर गाडीवर अकरा मांजरं. दोन बॉनेटवर, बाकीची सीटवर, आणि ती जीव लावून सीट चाटत होती. जवळ गेल्यावर त्याला वास आला. म्हणजे वास नाकात शिरून बसलाच.

"बाबा, गाडीला काय लावलंत?"

"त्याल," जानू म्हणाला. त्याचे हात कोपरापर्यंत चकाकत होते. "माशाचा. कातरा सुकून तरकला व्हता, लाकराला बी भेगा परल्या. चालीस वर्सं होरीला लावला, एक फली कुजली नाय. अजून दोन हात मारले की पानी शिरनार नाय."

धनेश चांगला झापायच्या तयारीने पुढे झाला होता. पण वर्षभरात बापाच्या तोंडून सलग एवढी वाक्यं आली नव्हती. राग गिळून तो एवढंच म्हणाला, "बरं केलंत." आणि मांजरं हाकलायला लागला.

दुसऱ्या दिवशी गाडी निमूट चालू झाली, हेच दुर्दैव. ऐरोलीपर्यंत प्रत्येक सिग्नलला बाजूचे लोक काचा वर करत होते. डोक्यावर दोन घारी तुर्भ्यापासून सोबत होत्या. कंपनीच्या गेटवर वॉचमनने गाडीभोवती एक चक्कर मारली आणि अदबीने विचारलं, "साहेब, कॅन्टीनची डिलिव्हरी मागच्या गेटने असते ना?" दुपारी लिफ्टमध्ये धनेशसाठी आपोआप जागा होऊ लागली.

अटीचे शेवटचे दोन दिवस उरले, आणि नेमकी नमिताच्या भावाची हळद आली, ऐरोलीजवळच्या दिवा गावात. माहेरी गाडी न्यायची नाही, असं नमिताचं ठाम मत होतं. पण आता पुन्हा बसने गेलं तर धनेश हरला असता. शेवटी नमिता नवी साडी नेसून, नाकाला पदर लावून पुढे बसली, आणि मागच्या वीतभर सीटवर जानू आणि बायजा, म्हणजे धनेशची आई, एकमेकांच्या मांडीवर असल्यासारखे बसले. बायजाला वास आलाच नाही. जन्मभर मासळी विकत आलेल्या बाईला तो कुठून येणार?

गाडी तुर्भ्याला बंद पडली. धनेशने बॉनेट उघडलं आणि आत शेजाऱ्याच्या घरात डोकावल्यासारखं बघत राहिला.

"आता घ्या वारा," नमिता म्हणाली.

तेवढ्यात जानू मागून धडपडत उतरला. त्याने धनेशला बाजूला सारलं, एक नळी काढली, तोंडाला लावून जोरात ओढली, पेट्रोल पचकन थुंकला. "कचरा अरकलाय. मशीन ती मशीन, होरीची काय नि हिची काय. आथा चावी मार." गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली. म्हातारा हसत होता. धनेशने ते हसू आरशात पाहिलं आणि पुढचे दोन सिग्नल त्याला नीट दिसले नाहीत.

हळदीत मात्र नमिताची मावशी सगळ्यांसमोर म्हणाली, "जावईबापूंनी सुकटीचा धंदा टाकला काय?" तिथेच निकाल लागला: अट पाळली तरी गाडी विकायची. रविवारी वाशीचा एक शौकीन गाडी बघायला आला. लांबून त्याचे डोळे भरून आले. आत बसल्यावरही भरून आले, पण वेगळ्या कारणाने. "हिच्यात काय मेलंय?" एवढं विचारून तो गेला. दुसरं गिऱ्हाईक गल्लीच्या तोंडावरूनच वळलं.

सोमवारी सकाळी अंगणात गाडी नव्हती. धनेशने गल्ली दोन्हीकडून बघून घेतली. विकायची ठरलेली वस्तू गेली तर जीव एवढा का तुटावा, हे त्यालाच कळेना. पोलिसांत जायला तो रस्त्यावर आला, आणि समोरून गाडी आली. जानू एकेकाळी बर्फाचा टेम्पो चालवायचा, तो हात अजून गेला नव्हता. उजवीकडे, जिथे बाकीच्या गाड्यांचा ड्रायव्हर असतो तिथे, बायजा ताठ बसली होती. मांडीवर दिवाळे गावच्या बाजारातून आणलेली मासळीची पाटी.

"तीस वर्सं रिक्षावाले मना बगून पलायचे," ती म्हणाली. "पाटीचा वास येतो म्हनून. ही गारी काय बोलत नाय."

"नाक्यावं हवालदारानं हिलाच लायसन इचारला," जानू म्हणाला.

"मी बोलले, गारी तो चालवतो. मी मासली सांबालते."

दारात नमिता उभी होती. तिने सासूकडे पाहिलं, मग सासऱ्याकडे, मग मागच्या सीटवर बर्फाशेजारी झोपलेल्या दोन मांजरांकडे. "रोज जाणार काय?" तिने विचारलं.

"रोज," जानू म्हणाला.

"मग राहू दे," नमिता म्हणाली. "रोजच्या वापराची म्हणूनच घेतली होती."

धनेशने घड्याळ बघितलं. नवाची बस गाठायची होती. तो चालायला लागला तेव्हा मागून हॉर्न वाजला.

"चल, नाक्यापरत सोरतो," बाप म्हणाला. "पन मागं बस. म्होरं पाटी हाय."